मैदानावर अंगठी पडली, आता मशीन कुठलं घेऊ?

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. चोपडा तालुक्यात शाळेच्या मैदानावर मागच्या रविवारी टेनिस बॉलची मॅच होती, तुम्ही सीमारेषेजवळ फिल्डिंगला होतात आणि मॅच संपल्यावर हात धुताना लक्षात आलं की साखरपुड्याची सव्वाचार ग्रॅमची अंगठी बोटात नाही. मित्राचं दोन-अडीच हजारांचं मेटल डिटेक्टर आणून चार संध्याकाळ शोधलंत. खिळे, बाटल्यांची झाकणं आणि दोन रुपयांची तीन नाणी निघाली, आणि मशीन तर जिथे न्यावं तिथे वाजतं. सासरी अजून सांगितलेलं नाही, लग्न मे महिन्यात आहे. म्हणून विचारताय की तीस-चाळीस हजारांपर्यंत कुठलं मशीन घेऊ. शिवाय, शोधताना दुसरं काही सापडलं तर ते ठेवता येतं का.

मी धुळ्याचा. पाणीपुरवठ्याच्या कामात डांबराखाली गाडले गेलेले व्हॉल्व्ह शोधायला पहिल्यांदा मशीन हातात घेतलं. मग कुणाची शेतात पडलेली पोत, कुणाची बाळी, असं करत करत लोक बोलवायला लागले. आता चौदा वर्षं झाली. धुळे, जळगाव, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतली बरीच मैदानं पायाखालून गेली आहेत. त्यावरून सांगतो, पैसे आत्ता खर्च करू नका. तुमच्याकडे चांगलं मशीन नाही हे खरं, पण तुमची खरी अडचण त्याच्या आधीची आहे. अंगठी मैदानात नेमकी कुठे पडली असेल, हे तुम्ही अजून ठरवलेलंच नाही.

साधा हिशोब करा. मैदानाची सीमा मधल्या खेळपट्टीपासून साठ मीटरवर धरली तर क्षेत्रफळ ११,३०० चौरस मीटरच्या आसपास जातं. म्हणजे दहा बाय दहा मीटरचे ११३ चौकोन. चांगल्या मशीनची चकती, म्हणजे जमिनीवरून फिरवायचा खालचा गोल भाग, अकरा इंचांची असते. दोन फेऱ्यांमध्ये अर्धी चकती एकमेकांवर यायला हवी, त्यामुळे एका झोक्यात आपण जेमतेम वीतभरापेक्षा कमी पुढे सरकतो. प्रत्येक आवाजाला थांबून, उकरून बघत एक चौकोन नीट करायला मला दीड तास लागतो. ११३ चौकोनांचे झाले १७० तास. हीच जागा चार चौकोनांवर आणली तर सहा तासांचं काम. चाळीस हजारांचं मशीन १७० तासांचे सहा तास करत नाही. ते कागद-पेन्सिल करते.

तेव्हा आज रात्री कागद घ्या. मैदानाचं चित्र काढा, खेळपट्टी, दोन्ही बाजूंची झाडं, पाण्याची टाकी, गाड्या लावल्या ती जागा. आता मागे जा. अंगठी बोटात असल्याचं खात्रीने शेवटचं कधी पाहिलं? इथे "टॉसच्या वेळी होती बहुतेक" हे चालत नाही. कुणीतरी मोबाईलवर मॅचचं शूटिंग केलेलं असतंच, टीमचा फोटो तर नक्कीच असतो. ते सगळं मागवून घ्या आणि फोटो मोठा करून बोट बघा. पारोळ्याकडच्या एका मुलाच्या बाबतीत ड्रिंक्सच्या वेळेला काढलेल्या सेल्फीत अंगठी बोटात दिसली, त्याने आम्हाला निम्मी मॅच आणि निम्मं मैदान वाचवून दिलं.

अंगठी बोटातून निघते ती बहुतेक काही ठरावीक क्षणांना. लांबून थ्रो करताना हात झटक्याने पुढे जातो, बोटं घामेजलेली असतात, चेंडू सुटतो तशीच तीही सुटते आणि चेंडूच्याच दिशेने जाते. म्हणून उभं राहिलात त्या जागेपेक्षा तिच्या पुढचा पट्टा जास्त महत्त्वाचा. झेल घेतल्यावर टाळ्या देताना पडते, डाइव्ह मारल्यावर हात जमिनीवर घासला की पडते, ओल्या हाताने टॉवेल पिळताना पडते. बॅटिंगचे ग्लोव्हज काढताना तर हमखास, आणि तेव्हा ती मैदानात नसतेच. ग्लोव्हच्या बोटात अडकून किट बॅगेतून कुणाच्या तरी घरी गेलेली असते. मैदानावर पुढचं पाऊल टाकण्याआधी टीमचे सगळे ग्लोव्हज उलटे करा, बॅगेचा तळ झटका, बुटात हात घाला (खेळताना अंगठी काढून बुटात ठेवायची अनेकांना सवय असते), गाडीची डिकी बघा. तुम्ही ज्या नळावर हात धुतले तिथला गाळही बोटांनी चाळा. मला आलेल्या कामांपैकी कितीतरी अंगठ्या मशीन बाहेर न काढता मिळाल्या, आणि तसं झालं की मला सगळ्यात बरं वाटतं.

यावर एक प्रसंग सांगतो, कारण त्याने माझी कामाची पद्धत बदलली. अमळनेर तालुक्यात एका शाळेच्या क्रीडा दिनाला एका शिक्षिकेचं मंगळसूत्र तुटलं. मणी ओंजळभर गोळा झाले, दोन्ही वाट्या मात्र गेल्या. ताईंना खात्री होती की संगीत खुर्चीच्या वेळी तुटलं, कारण गळा मोकळा लागला तो तेव्हा. मी गेलो, खुर्च्यांच्या जागी अडीच तास घालवले. पोरं भोवती उभी. दर दहा मिनिटांनी एक जण विचारायचा, "भाऊ, सापडनी का?" काही नाही. शेवटी मशीन बाजूला ठेवलं आणि ताईंना म्हटलं, त्या दिवशी काय काय केलं ते मला करून दाखवा. मला सांगू नका, फक्त करा. त्या मैदानभर फिरल्या, आणि एका ठिकाणी नकळत पदर ओढून कमरेला खोचला. मी विचारलं, इथे काय होतं? म्हणाल्या, इथे रस्सीखेच, त्यात आम्ही शिक्षिकासुद्धा होतो.

रस्सीखेचीची फक्कीची रेघ अजून पुसट दिसत होती. तिच्या मागे टाचा रोवून रोवून जमिनीत चार-चार बोटं खोल खड्डे पडले होते. तिसऱ्या खड्ड्यावर सिग्नल आला, बारीक पण गोल, दोन्ही बाजूंनी सारखाच. मी स्क्रू ड्रायव्हरने ढेकूळ सैल करून हातात घेतलं आणि ताईंच्या हातात दिलं. त्यांनी ते दोन्ही अंगठ्यांनी फोडलं. काळ्या मातीत आधी एक काळा मणी दिसला, तारेला लटकलेला, मग वाटीची कड. टाचेच्या दाबाने वाटी थोडी चेपली होती. त्यांनी ती पुसलीसुद्धा नाही, तशीच मातीसकट डोळ्यांना लावली.

दुसरी वाटी त्या दिवशी मिळाली नाही. दोन दिवसांनी शाळेत झाडणाऱ्या मावशींनी आणून दिली. रस्सीखेच संपल्यावर त्यांनी तो भाग झाडला होता, कचऱ्याच्या ढिगात चमकलं म्हणून उचलून जपून ठेवली होती आणि कुणी विचारायला येईल याची वाट बघत होत्या. कुणी विचारलंच नव्हतं, मीही नाही. तेव्हापासून कुठल्याही मैदानावर गेलो की पहिली भेट झाडणाऱ्या माणसाची. तुम्हीही उद्या तेच करा. रविवारनंतर मैदान झाडलं का, केर कुठे टाकला, पेटवला का? पेटवला असला तरी राख चाळून बघा. शुद्ध सोनं वितळायला १०६४ अंश लागतात, बावीस कॅरेटला थोडं कमी, पण पालापाचोळ्याच्या साध्या आगीत अंगठी सहसा वितळत नाही. आणि शिपायाला विचारा, ट्रॅक्टरने फळी फिरवली का, टँकरने पाणी मारलं का. फळी फिरली असेल तर अंगठी पडल्या जागेवरून ओढली गेलेली असू शकते आणि शोधायचा पट्टा फळीच्या दिशेने लांबवावा लागतो.

आता मशीन सगळीकडे का वाजतं ते. याचं कारण आपली जमीन आहे. खानदेशची काळी माती काळ्या पाषाणातून, बेसाल्टमधून झालेली आहे. त्या दगडात लोहाची चुंबकीय खनिजं असतात, ती मातीत उतरतात. मैदानावर टाकलेला मुरूमही बहुतेक त्याच दगडाचा. डिटेक्टरची चकती जमिनीत सेकंदाला हजारो वेळा बदलणारं चुंबकीय क्षेत्र सोडते. धातू समोर आला की त्यात भोवऱ्यासारखे प्रवाह उठतात आणि ते उलट एक छोटंसं क्षेत्र परत पाठवतात, ते मशीन ऐकतं. पण आपली मातीही स्वतःचं उत्तर देत असते. चांगल्या मशीनमध्ये ग्राउंड बॅलन्स असतो, तो मातीचा आवाज वजा करतो. तुमच्या मित्राच्या मशीनमध्ये तो नसणार, म्हणून ते मातीलाच धातू समजतं. भाजलेल्या विटेचे तुकडेही असेच फसवतात, कारण भट्टीत भाजताना मातीतलं लोह जास्त चुंबकीय होतं. शाळेच्या बांधकामाचा राडारोडा ज्या कोपऱ्यात पडतो तिथे मशीन नुसतं किंचाळतं.

यावर उपाय असा, जो ऐकताना उलटा वाटतो: सेन्सिटिव्हिटी अर्ध्यावर आणा. लोक ती शेवटपर्यंत वाढवतात, म्हणजे खोलवरचं दिसेल. पण आपल्या मातीत सेन्सिटिव्हिटी वाढवली की मातीचा गोंगाट वाढतो आणि अंगठीचा आवाज त्यात बुडतो. तुमची अंगठी आठवड्यापूर्वी पडली, त्यानंतर पाऊस नाही. ती खोल जाणारच नाही. धुळीत, गवताच्या मुळाशी, फार तर दोन बोटांवर असेल. तेवढ्यासाठी मशीनला खोल बघायची गरज नाही, शांत राहायची आहे. वरून विजेची मोठी लाइन जात असेल किंवा फ्लडलाइटची केबल खालून असेल तर आवाज आणखी वाढतो. मोबाईल खिशात ठेवू नका, गाडीत ठेवा. हातातलं कडं काढा, आणि लोखंडी नाळ असलेले बूट नकोत.

उथळ आहे म्हणूनच पहिली फेरी डोळ्यांची करा. सकाळी ऊन तिरकं असताना, साडेसहा ते आठ. त्यानंतर आपल्याकडच्या एप्रिलच्या उन्हात डोळे दिपतात आणि माणूसही टिकत नाही. गुडघ्यावर बसून नजर जमिनीला समांतर ठेवा. रात्री टॉर्च जमिनीला टेकवून उजेड आडवा टाकला तरी सोनं वेगळं चमकतं. दहा मित्रांना बोलवून तुडवातुडवी करू नका, दोघं पुरेत.

आता मशीनचा आकडा. याच ठिकाणी सगळ्यात जास्त अंगठ्या सुटतात, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. आकडे दाखवणाऱ्या मशीनवर लोखंड खाली येतं, जाड चांदी-तांबं वर, आणि मधल्या पट्ट्यात बाकी सगळं. तो आकडा धातूचं नाव सांगत नाही. धातूची जात, जाडी, आकार या सगळ्यांचा मिळून तो एक अंदाज असतो. सव्वाचार ग्रॅमची बावीस कॅरेटची अंगठी ज्या पट्ट्यात येते, त्याच पट्ट्यात चॉकलेटचा चांदीचा कागद, गोळ्यांच्या पाकिटाचा तुकडा आणि कोल्ड्रिंकच्या कॅनची कडी येते. माणूस पहिले वीस आवाज उकरतो, वीसही वेळा कागद निघतो, मग तो पट्टा बंद करून टाकतो. त्याबरोबर अंगठीही बंद होते. सोन्याचा दागिना शोधायचा असेल तर कागद उकरावेच लागतात, त्याला पर्याय मला चौदा वर्षांत सापडला नाही.

नाण्यांचं वेगळंच. आपली आताची एक-दोन रुपयांची नाणी चुंबकाला चिकटणाऱ्या स्टेनलेस स्टीलची आहेत. मशीन त्यांना कधी लोखंड म्हणतं, कधी भलताच वरचा आकडा दाखवतं. म्हणजे तुम्हाला दोन रुपये मिळाले याचा अर्थ मशीन सोनं ओळखतंय असा होत नाही. ते दुसऱ्या पद्धतीने तपासा. तशाच वजनाची घरातली एखादी अंगठी घ्या, तिला हातभर लाल नाडा घट्ट बांधा, म्हणजे दुसरी हरवणार नाही. मैदानाच्या त्याच कोपऱ्यात ती आधी वर ठेवा, मग एक बोट, दोन बोटं, चार बोटं मातीखाली. प्रत्येक वेळी आवाज ऐका, आकडा लिहून ठेवा. अर्ध्या तासात तुमच्या कानाला कळेल की या मातीत, या मशीनवर तुम्हाला काय ऐकायचं आहे. चार बोटांवर ऐकू आली नाही तरी हरकत नाही, दोन बोटांवर स्पष्ट आली तर हेच मशीन तुम्हाला पुरेल. अंगठी अखंड कडं असते म्हणून तिचा आवाज तिच्या वजनाच्या मानाने चांगला येतो. सांधा उघडलेली अंगठी मात्र फार क्षीण बोलते, आणि बारीक साखळी त्याहून क्षीण, कारण मशीनला साखळी दिसतच नाही, एकेक कडी वेगळी दिसते. तुमची अंगठी आहे, साखळी नाही, हे तुमच्या बाजूचं आहे.

शोधायच्या पट्ट्यात आधी लोखंड कमी करून घ्या. शाळेच्या मैदानावर सभा होतात, लग्नं होतात, गणपती-नवरात्राचे मंडप पडतात. जमिनीत खिळे, बायंडिंग वायर, दिवाळीतल्या फुलबाज्यांच्या तारा भरलेल्या असतात, आणि खिळ्याशेजारी पडलेली अंगठी खिळ्याच्या आवाजात लपते. जुन्या मोठ्या स्पीकरचं लोहचुंबक मिळालं तर जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दोरीने त्या पट्ट्यावरून ओढा. वरवरचं लोखंड चिकटून येतं, पिशवी उलटी केली की झडतं. सोनं चुंबकाला येत नाही, त्यामुळे अंगठी जाग्यावर राहते. मात्र हे हळू ओढा, फळीसारखं खरवडू नका.

मग खुंट्या ठोकून सुतळीने दीड मीटर रुंदीचे पट्टे आखा. खुंट्या लाकडाच्या. चकती जमिनीपासून दोन बोटं वर, जमिनीला समांतर. टोकाला गेली की आपोआप उचलली जाते, ती उचलू देऊ नका. एका झोक्याला दोन-तीन सेकंद. आवाज आला की त्याच जागेवर नव्वद अंशात फिरून पुन्हा ऐका. खिळा एका बाजूने वाजतो आणि दुसऱ्या बाजूने त्याचा आवाज तुटतो. अंगठी दोन्हीकडून सारखी येते. एक पट्टा संपला की टिकली लावा कागदावर. सगळे पट्टे उभे झाले की तेच आडवे करा. माझ्या कित्येक गोष्टी आडव्या फेरीत मिळाल्या आहेत.

उकरताना लोखंडी खुरपं थेट आवाजाच्या जागी मारू नका. हे मी माझ्या चुकीने शिकलो. एका आजींच्या पाटलीवर खुरप्याचा असा ओरखडा गेला की सराफाला तो भाग घासून पुन्हा पॉलिश करावा लागला. पाटली त्यांच्या आईची होती. त्या काही बोलल्या नाहीत, पण तो ओरखडा मला आजही दिसतो. आता मी आवाजाच्या चार बोटं बाहेरून स्क्रू ड्रायव्हर तिरका घालून ढेकूळ उचलतो आणि हातानेच फोडतो. खड्डा लगेच बुजवून पायाने दाबायचा. मैदानावर दुसऱ्या दिवशी पोरं धावणार आहेत, कुणाचा घोटा मुरगळता कामा नये. आणि खेळपट्टीला हात लावायचा नाही. ती रोलर फिरवून, पाणी देऊन बनवलेली असते. अंगठी तिथेच असावी असं वाटलं तरी ज्यांनी ती बनवली त्यांच्यासमोरच उकरा.

एक गोष्ट मात्र तुमच्या मैदानावर अवलंबून आहे, ती तुम्हीच जाऊन बघा. तुम्ही लिहिलंय की सीमारेषेच्या पलीकडे लगेच शेत आहे. तिथली जमीन मुरूम न टाकलेली काळी असेल तर एप्रिलमध्ये तिला भेगा पडलेल्या असणार. काळी माती सुकली की आकसते, ओली झाली की फुगते. या भेगा दिसतात बोटभर रुंद, पण हात-दोन हात खोल जातात. अंगठी भेगेत गेली असेल तर मशीन वरून काही सांगणार नाही, अंगठीएवढी वस्तू आपल्या मातीत वीतभर खोल दिसली तरी पुष्कळ. तेव्हा तुमच्या पट्ट्यात भेगा असतील तर एकेका भेगेत टॉर्च मारून बघा, अंगठी बहुतेक जिथे भेग अरुंद होते तिथे अडकून बसलेली असते. काढताना वरून माती आत ढकलू नका. बाजूने खणून भेगेची एक भिंत उघडा. आणि हे पावसाच्या आत व्हायला हवं. जूनमध्ये दोन चांगले पाऊस झाले की भेगा मिटतात, आणि मग ती अंगठी कदाचित नांगराच्या तासात कधीतरी वर येईल. माझ्या मते तुमच्या प्रश्नात घाई कशाची असेल तर ती याची आहे.

मशीन घ्यायचंच असेल, पुढेही हा नाद करायचा असेल, तर किंमत बघण्याआधी त्यात ग्राउंड बॅलन्स हाताने करता येतो का ते बघा. एकापेक्षा जास्त फ्रिक्वेन्सी एकाच वेळी वापरणारी मशीनं आपल्या मातीत शांत चालतात. सोबत सहा इंचांची लहान चकती घ्या, खिळ्यांनी भरलेल्या मैदानावर मोठ्या चकतीपेक्षा तीच कामाची. पेरूएवढ्या ढेकळात अंगठी कुठे आहे ते दाखवणारा हातातला पिनपॉइंटर निम्मा वेळ वाचवतो. पल्स पद्धतीचं मशीन कुणी सुचवलं तर ते खराब मातीत खोल जातं हे खरं, पण त्याला लोखंड नीट वेगळं करता येत नाही. शाळेच्या मैदानावर ते घेऊन गेलात तर दिवसभर खिळेच उकराल. एका अंगठीसाठी मात्र ज्याच्याकडे मशीन आहे अशा माणसाला बोलावणं स्वस्त पडतं.

आता दुसरा प्रश्न. मैदान शाळेचं, म्हणून मुख्याध्यापकांची परवानगी घ्या, ती लेखी घ्या. तुम्ही चार संध्याकाळ परवानगीशिवाय उकरलंत असं वाटतंय, ते उद्याच जाऊन सांगून टाका. दुसऱ्याची हरवलेली वस्तू सापडली तर ती शाळेत जमा करायची. १८७२ च्या करार कायद्याच्या ७१व्या कलमाने सापडलेली वस्तू ताब्यात घेणाऱ्यावर ती सांभाळण्याची जबाबदारी येते, आणि मालक शोधता येत असताना ती खिशात घालणं हा भारतीय न्याय संहितेच्या ३१४व्या कलमाखाली गुन्हा होऊ शकतो. सुट्ट्या रुपया-दोन रुपयांचं मी तिथल्याच पोरांना देतो.

जुनी नाणी निघाली तर गोष्ट वेगळी. १८७८ चा ट्रेझर ट्रोव्ह कायदा आजही लागू आहे. जमिनीत दडलेलं दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. एकाच जागी दोन-चार जुनी नाणी दिसली तर तिथेच थांबा, फोटो काढा, माती परत झाका आणि तहसीलमध्ये सांगा. मशीन हातात आलं की गावाबाहेरच्या पांढरीकडे, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडाकडे पाय वळतात, हे मी पुष्कळ पोरांत पाहिलंय. तिकडे जाऊ नका. तापीकाठच्या प्रकाशाला आणि गिरणेकाठच्या बहाळला पुरातत्त्व खात्याने उत्खनन केलं तेव्हा हजारो वर्षांपूर्वीच्या वस्त्या थराथराने उलगडल्या. कुठली वस्तू कुठल्या थरात होती यावरच तो सगळा इतिहास उभा आहे. एक नाणं उपसून काढलं की तो थर कायमचा मुका होतो. संरक्षित स्मारकाच्या हद्दीत तर असं खणणं सरळ गुन्हा आहे.

अंगठी दुसऱ्या कुणाला सापडली असण्याची शक्यताही धरून चला. हॉलमार्कची असेल तर आतल्या बाजूला बीआयएसचं चिन्ह, ९१६ आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतंत्र ओळख नंबर कोरलेला असेल. पावती काढून नंबर, वजन, नक्षी लिहून ठेवा, पोलीस ठाण्यात हरवल्याची नोंद करा, चोपड्यातल्या सराफांना सांगून ठेवा. शाळेच्या फळ्यावर सूचना लावायला सांगा, बक्षिसासह. पोरांच्या नजरेतून फार कमी सुटतं.

आणि जिच्या बोटातल्या अंगठीची ही जोडी आहे तिला आजच सांगा. मॅच बघायला ती आली होती असं तुम्ही लिहिलंय. बाहेर बसून बघणाऱ्याला मैदानातल्यापेक्षा जास्त आठवतं, तुम्ही कुठे डाइव्ह मारली, कुठून थ्रो केला. तिच्या मोबाईलमध्ये कदाचित तो फोटोही असेल.

येत्या रविवारी मी एका कामासाठी अमळनेरला आहे. दुपारपर्यंत मोकळा होतो, तिथून चोपडा लांब नाही. तोवर कागद, ग्लोव्हज, झाडणारी माणसं आणि सकाळची डोळ्यांची फेरी एवढं उरकून घ्या आणि चित्राचा फोटो इथेच टाका. मुख्याध्यापकांना विनंती करून तेवढा कोपरा दोरी लावून बंद करा, म्हणजे मी येईपर्यंत तिथे कुणी खेळणार नाही. पैसे नकोत, सुतळी आणि लाकडी खुंट्या तयार ठेवा.